दम कुणाचा सुटला?

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका. मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली, चार चाकांचं जे स्टीलचं धूड उभं आहे ना, तोच मी. कुंभिवलीचे लोक मला 'पंप' म्हणतात. हायवेवर थांबलेले ट्रकवाले मला उसाच्या रसाचं यंत्र समजतात आणि आल्याआल्या विचारतात, "एक ग्लास मिळंल काय?" आता त्यांना काय सांगणार, की बाबांनो, या पोटातून रस नाही, माणसांचं रक्त फिरलेलं आहे? सांगितलं तर खोपोलीपर्यंत ब्रेक लावणार नाहीत.

मी हृदय-फुफ्फुस यंत्र आहे. होतो म्हणा. जन्म साता समुद्रापलीकडचा, आलो बोटीने, आणि उतरलो तो थेट मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात. पेटी फोडली तेव्हा बघायला ही गर्दी! नव्या नवरीचं कौतुक झालं नसेल एवढं माझं झालं.

काम सोपं नव्हतं. डॉक्टरांना काळीज उघडून दुरुस्त करायचं असलं की ते थोडा वेळ थांबवावं लागे. तेवढा वेळ रोग्याचं रक्त माझ्याकडे येई. माझ्या पोटात काचेचं आडवं नळकांडं होतं. त्यात स्टीलच्या पातळ चकत्या गोल फिरत. चकत्यांवर रक्ताचा थर चढे, वरून प्राणवायू जाई, आणि काळपट आलेलं रक्त लालभडक होई. मग माझे रूळ रबराची नळी दाबत दाबत ते परत रोग्याच्या अंगात ढकलत. काळीज नाही, फुफ्फुसं नाहीत, आणि दोघांचं काम मी एकटा करायचो. थोडा गर्व असणारच की!

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरबाईंचा माझ्यावर फार जीव. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या चकाकत्या अंगावरून बोट फिरवून जातो म्हणून त्यांनी एकदा लाल ऑइलपेंट आणून माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये'. पुढे हीच अक्षरं माझा जीव वाचवणार होती, पण ते नंतर.

माझी एक खोड मात्र वाईट होती. मला उपाशीपोटी चालता येत नसे. सुरू होण्याआधी माझं पोट दुसऱ्यांच्या रक्ताने भरावं लागे, आणि तेही एक-दोन दिवसांत काढलेल्या ताज्या रक्ताने. त्यामुळे माणसांची एक गंमत मला जवळून बघायला मिळाली. 'याच्यासाठी जीव देईन' म्हणणारे पुष्कळ भेटले. बाटलीभर रक्त मागितलं की त्यातल्या निम्म्यांची गाडी सुटायची वेळ झालेली असे.

तर गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. एका दुपारी माझ्या खोलीच्या दाराशी एका माणसाला आणून बसवलं. बसवलं म्हणतो, कारण त्याला आडवं केलं की श्वास कोंडायचा. कोंडाजी त्याचं नाव. कुंभिवलीचा शेतकरी, आणि अख्ख्या खालापूर तालुक्यात नावाजलेला कबड्डीचा पंच. छाती ही अशी रुंद! पण श्वास घेताना त्याच्या गळ्यातून बारीक आवाज यायचा. 'हिस्स' करून आत, 'हिस्स' करून बाहेर. त्याच्या श्वासनळीत गाठ वाढली होती आणि वारा जायला जेमतेम फट उरली होती.

सोबत त्याची बायको, येसूबाई. ती मोठ्या डॉक्टरांना सोडेना.

"डॉक्टरसाब, यांचं काळीज कसं हाय?"

"उत्तम आहे."

"मंग काळजाचं मशीन कशाला लावताव?"

डॉक्टर माणूस मोठा, पण समजावून सांगायला कंटाळत नसे. म्हणाले, "बाई, गाठ काढायची तर यांना झोपवायला हवं. झोपेचं औषध दिलं की गळा सैल पडणार आणि आहे ती फटही बंद होणार. नळी घालायची म्हटलं तर वाटेत गाठ. म्हणून हे जागे असतानाच जांघेतल्या रक्तवाहिन्यांना हे यंत्र जोडायचं. श्वासाचं काम यंत्राकडे गेलं की मग झोपवायचं आणि सावकाश गाठ काढायची."

कोंडाजी सगळं ऐकत होता. श्वास गोळा करून म्हणाला, "म्हंजे मी दम धरायचा?"

"धरायचा नाही आणि घ्यायचाही नाही. तुमच्या वाटचा दम हे घेणार."

कोंडाजीने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "डॉक्टरसाब, आमच्या खेळात ह्याला फाउल म्हनत्यात."

मला हा गडी तिथेच आवडला.

आता माझ्या जेवणाचा प्रश्न आला. कुंभिवलीचा सगळा संघ पंचाला बघायला आला होता. मांड्या अशा की बाक कुरकुरत होतं. रक्ताचं नाव निघालं आणि संघात चुळबुळ सुरू झाली. स्पर्धा तोंडावर आलेली, आणि त्या भागातल्या गड्यांची पक्की समजूत, की रक्त दिलं की दम जातो. एकदा गेला की तो हंगाम गेला. एकाचं पोट दुखायला लागलं. एकाची मावशी अचानक कर्जतला आजारी पडली. एक जण चहा प्यायला म्हणून जो गेला, तो मला वाटतं अजून पीत असेल. कर्णधार चांगो तेवढा उरला, त्याने दिलं, आणि त्यालाच घेरी आली.

मी उपाशी तो उपाशीच. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. येसूबाई माझ्या दाराशी बसून राहिली. तिला रडू येत नव्हतं, नुसती पदराचं टोक पिळत होती. इतका वेळ मी गंमत बघत होतो, पण तिचा चेहरा बघून माझी गंमत संपली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण आला.

हिरामण म्हणजे कुंभिवलीपलीकडच्या बौद्धवाडीचा टेंपो ड्रायव्हर, आणि तिथल्या संघाचा सगळ्यात भारी चढाई करणारा गडी. टेंपोत त्याचा अख्खा संघ होता. त्याला बघून येसूबाई उभीच राहिली, कारण या दोन माणसांमधून गेल्या वर्षापासून विस्तव जात नव्हता.

झालं होतं असं. खोपोलीच्या स्पर्धेत अंतिम सामना कुंभिवली विरुद्ध बौद्धवाडी. गुण बरोबरीत, शेवटची चढाई हिरामणची. त्याने एका गड्याला हात लावला आणि 'कबड्डी कबड्डी' करत मधल्या रेषेकडे उलटा फिरला. पंच कोंडाजी त्याच्या बरोबरीने वाकून धावत होता, कान त्याच्या तोंडाशी. रेषा हातभर राहिली आणि कोंडाजीने शिट्टी फुंकली. दम सुटला. गडी बाद. हिरामण आकांडतांडव करत होता की माझा दम सुटला नाही. कोंडाजी म्हणाला, मी कानांनी ऐकलं, श्वास आत घेतल्याचा आवाज आला. ढाल कुंभिवलीला गेली. वाडीत सगळे म्हणू लागले, स्वतःच्या गावासाठी मुद्दाम केलं. कुणी कुणी म्हणालं, आपण जिंकलेलं त्यांना बघवत नाही. हे बोलणं कोंडाजीच्या कानावर गेलं होतं आणि ते त्याला फार लागलं होतं.

आणि आता तोच हिरामण शर्टाची बाही वर करत उभा.

"हिरामण, तू?" येसूबाई म्हणाली.

"तर काय वैनी! ह्यो मानूस मेला तर निकाल तसाच ऱ्हायचा. आमाला निकाल बदलून पायजे. त्यासाठी पंच जिता पायजे."

हसू नका. त्याची आणि त्याच्या गड्यांचीही समजूत तीच होती, की रक्त दिलं की दम जातो. ती मनात ठेवून ते एकामागून एक आत गेले. ज्यांचा गट जुळला त्या सगळ्यांनी दिलं. दंड दाबत बाहेर आले आणि बाकावर बसून आपापल्या छातीवर हात ठेवून बघू लागले, किती दम उरलाय ते.

हिरामण मला बघायला दाराशी आला आणि सरळ माझ्या काचेच्या पोटावर त्याने पंजा ठेवला.

सिस्टरबाई कडाडल्या, "ए! वाचता येत नाही का? काय लिहिलंय?"

"वाचता येतंय म्हनून तर ईचारतो," हिरामण शांतपणे म्हणाला. "रगत चालतंय आनि हात चालत न्हाय?"

सिस्टरबाईंचा चेहरा उतरला. "अहो, तसं नाही. जंतू जातात म्हणून. डॉक्टरांनासुद्धा हात लावू देत नाही मी."

हिरामणने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हसला. "मंग ठीक हाय. सगळ्यांना सारखं आसंल तर ठीक हाय."

मी निर्जीव. पण त्या पाटीची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

तेवढ्यात कोंडाजीला खुर्चीत बसवून आणलं. दोघं समोरासमोर आले. सगळं गप्प होतं म्हणून कोंडाजीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. हिस्स. हिस्स. हिरामणचे कान टवकारले. तो जवळ गेला, वाकला, मैदानावर पंच वाकतो तसा, आणि त्याने कान कोंडाजीच्या तोंडाशी नेला.

"वैनी, ह्यो आवाज कवापासून येतोय?"

"झालं की दीड-दोन वर्सं. आधी बारीक हुता. आमाला आता ऐकूबी येत नाय, सवय झाली."

"पंच, ह्योच! ह्योच आवाज ऐकलात तुमी! माझ्या बरोबर पळत हुतात, दम तुमाला लागला, आनि बाद मला केलंत!"

कोंडाजी ताठ झाला. वारा मिळत नव्हता तरी पंचाचा तोरा काही जाईना. "पंचाचा... निकाल... शेवटचा."

"मुद्दाम केलंत का, येवढंच सांगा."

"आयेची आन... मुद्दाम नाय. पन ऐकलं... ते ऐकलं."

सिस्टरबाईंनी खुर्ची आत ढकलली आणि ते भांडण अर्धवटच राहिलं.

थिएटरमध्ये कोंडाजीला टेकून बसवलं. जांघ बधिर केली, माझ्या नळ्या जोडल्या. तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होता. छाती वरखाली, गळ्यात हिस्स, कपाळावर घाम. डॉक्टर म्हणाले, "सुरू."

माझे रूळ फिरायला लागले. त्याचं रक्त माझ्यात आलं. काळंशार, दमलेलं. चकत्यांवर ते हिरामणच्या आणि त्याच्या गड्यांच्या रक्तात मिसळलं, चांगोचंही होतंच त्यात, आणि लाल होऊन परत गेलं. कोणतं कुंभिवलीचं आणि कोणतं वाडीचं हे ओळखण्यात माझी हयात गेली असती तरी मला ते जमलं नसतं.

हळूहळू कोंडाजीची धडपड थांबली. छाती निवांत झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला श्वासासाठी झगडावं लागत नव्हतं. आणि तो आवाज बंद झाला.

कोंडाजीने मान वळवली. कुणाला तरी शोधावं तसा तो बघत राहिला.

"डॉक्टरसाब," तो कुजबुजला, "त्यो आवाज गेला."

"कोणता?"

"मैदानावरचा. खोपोलीचा. मला वाटायचं... तसा आवाज सगळ्यांच्यातच आसतो." त्याच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी आलं. "दम माझा सुटला हुता. हिरामणला सांगा."

"तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. "त्यासाठीच तर हा खटाटोप." आणि त्यांनी झोपेचं औषध द्यायला खूण केली.

कोंडाजी झोपला आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. गळा मिटला. फट बंद. आता त्या माणसाच्या नाकातोंडातून वाऱ्याची एक झुळूकही जात नव्हती. तुम्हाला वाटेल, मला काय त्याचं, रोजचंच काम. नाही हो. काळजाच्या रोग्यांना माझ्यामागे दुसरा आधार असे. मी अडखळलो तर त्यांच्या गळ्यातली वाट मोकळी असे, काळीज हाताने दाबत वरून हवा देता येई. इथे वाटच नव्हती. मी थांबलो की कोंडाजी संपला. मला तेव्हा भीती वाटली. मी बढाईखोर आहे, पण हे खरं सांगतो.

डॉक्टरांनी तोंडातून लांब नळी घातली आणि गाठ तुकड्या-तुकड्यांनी काढायला घेतली. मध्येच रक्त आलं, त्यांना थांबावं लागलं. सिस्टरबाईंचे ओठ मास्कआड हलत होते, देवाचं नाव घेत असाव्यात. मी फिरत राहिलो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वाट दिसतेय." हवा दिली. कोंडाजीची छाती वर आली. गुपचूप, अजिबात आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात मात्र गोंधळ उडाला. येसूबाई खाटेशी बसल्या बसल्या डुलकी घेत होती. जागी झाली तर नवऱ्याचा आवाज नाही! तिने अशी आरोळी ठोकली की तीन खाटांवरचे रोगी उठून बसले. "आवाज बंद झाला वो! गेला माझा मानूस!" कोंडाजीने एक डोळा उघडला आणि तिला गप्प राहायची खूण केली. सिस्टरबाईंनी ही हकिकत मला पुसताना सांगितली आणि हसता हसता त्यांच्या हातातलं फडकं पडलं.

हिरामण त्याला भेटायला आला. कोंडाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हिरामण, तू बाद नव्हतास."

"हितं नगं," हिरामण म्हणाला. "हितं कोन ऐकतंय? मैदानावर सांगा."

मग ते सगळे गेले आणि मी माझ्या कामाला लागलो. पुढचं मला कोंडाजीने कितीतरी वर्षांनी सांगितलं, माझ्या चाकांना ग्रीस भरताना.

गावी गेल्यावर त्याने भर मैदानावर सांगितलं, की निकाल चुकला, ढाल परत द्यायची. गावकरी चिडले. म्हणाले, "त्यांचं रगत घातलंय ना अंगात, आता त्यांच्याच बाजूनं बोलनार." कोंडाजी म्हणाला, "रगत त्यांचं हाय, पन चूक माझी सोताची हाय. ती कुनाकडनं आनलेली नाय." ढाल द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा त्याने देवळात टांगलेली ती ढाल स्वतः उतरवली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि एकटा बौद्धवाडीवर घेऊन गेला.

वाडीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हिरामणची आई भीमाबाई पुढे आली. तिने ढाल पदराने पुसली. म्हणाली, "उशीर केलास रं, कोंडाजी. बस आता, चा घे." जन्मभर शेजारी राहून त्या वाडीतला चहा कोंडाजीने त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. मला हे सांगताना त्याचा ग्रीसचा हात थांबला होता.

कुंभिवलीने त्या हंगामात त्याला पंच म्हणून बोलावलं नाही. वाडीने बोलावलं. आणि वाडीच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात या महाराजांनी कुणाला बाद दिलं? हिरामणला! दम सुटला म्हणून! सगळी वाडी अंगावर धावून आली. हिरामण कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, "गप बसा रं. आत्ता खरंच सुटला हुता." वर म्हणाला, "आनि त्ये काय रगत दिल्यामुळं नाय. वय झालं."

इकडे माझंही वय झालं. नवी यंत्रं आली, प्लास्टिकच्या पिशवीतच रक्त लाल करणारी. माझ्या चकत्या काढल्या, काच फुटली, आणि शहाऐंशी साली मी भंगारात गेलो. ज्याच्याभोवती नव्या नवरीसारखी गर्दी झाली त्याला मोडक्या खाटांच्या ढिगावर उताणं टाकलं. खोपोलीच्या एका पोलादाच्या कारखान्याची भट्टी माझी वाट बघत होती. वाईट वाटलं. इतक्यांना परत आणलं, मला परत आणणारा कोण असणार?

भंगार भरायला टेंपो आला. ड्रायव्हर खाली उतरला, तंबाखू मळता मळता ढिगाकडे बघू लागला, आणि त्याचा अंगठा थांबला. माझ्या कपाळावरची लाल अक्षरं त्याने मोठ्याने वाचली. "हात लावू नये." आणि लगेच माझ्या कपाळावर पंजा ठेवला.

हिरामण होता तो. केस पिकले होते, पण पंजा मी ओळखला.

त्याने मला भट्टीपर्यंत जाऊ दिलं नाही. कारखान्याला वजनाशी मतलब. माझ्या वजनाचे टेंपोच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणि घरातली मोडकी पेटी त्याने भट्टीत घातली आणि मला कुंभिवलीला आणून कोंडाजीच्या अंगणात उतरवलं. "घ्या पंच. तुमचा फाउल आनलाय."

आता कुंभिवली आणि वाडी दर संध्याकाळी एकाच मैदानावर खेळतात. भांडतातही भरपूर, तसं काही सगळं गोड झालेलं नाही. पण खेळाआधी माती भिजवावी लागते, नाहीतर धूळ नाकातोंडात जाते. माझ्या एका रुळाला हाताने फिरवायचा दांडा आहे, वीज गेली तर असावा म्हणून बसवलेला. कोंडाजीने मला अंगणातून मैदानाच्या कडेला ढकलत आणलं, त्या रुळाला नवी रबरी नळी लावली, एक टोक पिंपात सोडलं. कुणीही येतं आणि दांडा फिरवतं. मी पाणी ढकलतो. मैदान भिजतं.

मग कोंडाजी शिट्टी गळ्यात घालून उभा राहतो. आवाज अजून घोगराच आहे. चढाई करणारा गडी 'कबड्डी कबड्डी' सुरू करतो, आणि त्याच क्षणी हा म्हातारा स्वतःचा श्वास रोखतो. गड्याच्या बरोबरीने वाकून धावतो, कान त्याच्या तोंडाशी आणि तळहात स्वतःच्या छातीवर. गडी रेषेपलीकडे गेला की मगच हा श्वास सोडतो, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतात तरी. परगावचे पंच हसतात. म्हणतात, अहो, खेळणाऱ्याने दम धरायचा असतो, पंचाने नव्हे. कोंडाजी पुढच्या चढाईसाठी वाकतो. हिरामण मात्र रेषेबाहेरून ओरडतो, "धरू द्या! त्यांना धरावाच लागतो!"

माझ्या कपाळावरची अक्षरं आता बरीच पुसली आहेत. एवढ्या हातांनी दांडा फिरवताना मला धरलं, टेकलं, थोपटलं. 'हात' गेला, 'नये' गेलं, मधलं 'लावू' तेवढं उरलं आहे. तुम्ही कधी या बाजूने गेलात तर थांबा. रस मिळणार नाही. पण संध्याकाळची वेळ असेल आणि मैदान कोरडं असेल, तर दांड्याला बिनधास्त हात लावा.